तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे: व्यसन असलेल्या माणसाला घरच्यांनी कसं सांभाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकटा भाऊ साधारण दीड वर्ष तुरुंगात आहे, पुढच्या महिन्यात सुटतोय. आत जाण्याआधी गर्द, म्हणजे हेरॉइनचाच एक प्रकार, ओढायचा, नंतर सुईवर गेला, जोडीला दारू होतीच. भेटीत तो सांगतो की आत सगळं बंद आहे. आई म्हणते, आता सुधारला. वडील म्हणतात, फाटकातूनच थेट व्यसनमुक्ती केंद्रात नेऊ. ताई विचारताहेत, की पुन्हा सुरू होऊ नये म्हणून घरच्यांनी काय करायचं, आणि किती दिवस असं सांभाळायचं?

ताई, 'पुन्हा सुरू होऊ नये' हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला प्रश्न जिवाचा आहे. सुटून आलेल्या माणसांसोबत मी बरीच वर्षं काम करते आहे आणि घरच्यांना सर्वात आधी हेच सांगावं लागतं, कारण हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सर्वसामान्य लोकांच्या जवळपास 13 पट निघाला आणि एकट्या ओव्हरडोसने, म्हणजे नशेची मात्रा जास्त होऊन, मरण्याचा धोका 129 पट. त्यानंतर इतर देशांतूनही असंच चित्र पुढे आलं. आकडे कमीजास्त होतात, पण धोका सर्वात मोठा असतो तो पहिल्या दिवसांत, हे सगळीकडे सारखंच.

कारण साधं आहे. रोज नशा करणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावतं. जी मात्रा नवख्याचा श्वास थांबवेल, ती घेऊन तो चालतो, बोलतो, कामावरही जातो. आत गेल्यावर नशा तुटते, हळूहळू सरावही जातो. मात्र डोक्यात जुनी मात्रा तशीच पक्की बसलेली असते. बाहेर आल्यावर तलफ आली की हात त्याच मापाने जातो. मधल्या काळात बाजारातला मालही बदललेला असू शकतो. पूर्वीपेक्षा तेज, किंवा त्यात भलतंच काहीतरी मिसळलेलं, आणि ते डोळ्यांना कळत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. सराव काही प्रमाणात जागेशीही बांधलेला असतो. शेपर्ड सीगल या मानसशास्त्रज्ञाने 1982 मध्ये उंदरांवर प्रयोग केला. एकाच मात्रेचं हेरॉइन ओळखीच्या जागी आणि अनोळखी जागी दिलं, तर अनोळखी जागी मरणाऱ्या उंदरांचं प्रमाण साधारण दुप्पट झालं. नेहमीच्या जागी शरीर आधीच तयारीला लागतं, नव्या जागी ती तयारी होत नाही. म्हणून घरच्यांपासून लपून, घाईघाईत, बंद संडासात घेतलेली सुई फार वाईट. जागा नवी असते, माणूस एकटा असतो आणि दार आतून लावलेलं असतं.

त्यामुळे 'दीड वर्ष बंद आहे' हे ऐकून आईला बरं वाटणं मी समजू शकते, पण वैद्यकीय दृष्टीने त्या वाक्याचा अर्थ उलटाही होतो. जितकं बंद, तितका सराव कमी. शिवाय आतलं 'बंद' खरंच बंद असतं का, हा वेगळा विषय. भेटीच्या खोलीत, इतरांच्या कानावर जाईल अशा जागी, कुणीही 'आत मिळतं आणि मी घेतो' असं सांगणार नाही. त्याला खोटारडा ठरवू नका. दोन्ही शक्यता धरून तयारी करा.

तयारी आत्ता सुरू करायची, सुटकेच्या दिवशी नाही. तुरुंगातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा किंवा वकिलामार्फत अर्ज द्या. त्यांच्याकडून लेखी हवं: सध्या कोणती औषधं चालू आहेत, कोणत्या मात्रेत, शेवटचा डोस केव्हा दिला, टीबी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या तपासण्या झाल्या का, झटके येतात का, मधल्या काळात जिवाला अपाय करून घेण्याचा प्रयत्न झाला का. नुसतं तोंडी 'सगळं ठीक आहे' चालणार नाही. कैद्यांच्या वागणुकीबद्दल संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेले नेल्सन मंडेला नियम आहेत. त्यातला 24 वा नियम सांगतो की तुरुंगातली आरोग्यसेवा बाहेरच्या सेवेच्या तोडीची हवी आणि संसर्गजन्य आजारांबरोबर व्यसनाचे उपचारही खंड न पडता चालू राहतील अशी सोय हवी. तेव्हा आपण काही मेहरबानी मागतोय अशा सुरात बोलायची गरज नाही.

टीबीवर उपचार चालू असतील तर एक गोष्ट आवर्जून विचारा. मेथॅडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही गर्दाच्या व्यसनावर उपचार म्हणून देतात ती औषधं, त्यांच्याबद्दल पुढे सांगतेच. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध शरीरातल्या मेथॅडोनचं प्रमाण बरंच खाली आणतं, ब्युप्रेनॉर्फिनचंही. मग माणसाला डोस मिळूनही टर्की लागते, म्हणजे अंग मोडतं, नाक गळतं, पोटात पिळवटतं, रात्र रात्र झोप नाही. घरचे म्हणतात नाटक करतोय, तो म्हणतो औषध लागू पडत नाही, आणि खरं बोलत असतो तो. दोन्ही औषधं देणाऱ्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवली, की यावर मार्ग निघतो.

आता औषधांबद्दल, कारण सर्वात जास्त वाद इथेच होतो. अफूवर्गातल्या नशेसाठी, म्हणजे गर्द, हेरॉइन आणि त्या जातीच्या गोळ्या, मेथॅडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन औषधं जगभर वापरली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती 2005 पासून आहेत. 'एक नशा सोडून दुसरी लावली' असं नातेवाईक म्हणतात, कधी कधी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातले जुने कार्यकर्तेही म्हणतात. मला हे मान्य नाही. नशेचा चढउतार वेगळा आणि दिवसभर एका पातळीवर राहणारं औषध वेगळं. औषधावरचा माणूस सकाळी उठून मालाच्या शोधात निघत नाही, हा फरक घरात राहणाऱ्याला आठवड्याभरात दिसतो. आणि आपल्या प्रश्नापुरतं त्याहून महत्त्वाचं म्हणजे, इंग्लंडमधल्या तुरुंगांतून सुटलेल्या हजारो लोकांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुटकेच्या वेळी हे औषध चालू असलेल्यांचे पहिल्या चार आठवड्यांतले मृत्यू, ते चालू नसलेल्यांच्या तुलनेत 75 टक्क्यांनी कमी होते. घरच्यांच्या हातात असलेला दुसरा कोणताही उपाय इतका परिणाम करत नाही. ना शपथ, ना पहारा.

आज तो काही घेत नसला तरी आधी व्यसन होतं आणि परत घेण्याचा धोका मोठा आहे, एवढ्यावरही डॉक्टर हे औषध सुटकेच्या आधी सुरू करू शकतात. सराव गेलेला असल्याने मात्रा अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवावी लागते. म्हणून एक सक्त सूचना: घरात जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या उरल्या असतील तर त्यातली एकही त्याला देऊ नका. मेथॅडोनची जुनी पूर्ण मात्रा आज त्याच्यासाठी घातक ठरू शकते. सलग काही दिवसांचे डोस चुकले तरी हाच नियम, पुन्हा सुरू करायची मात्रा डॉक्टरच ठरवतील.

तिसरं औषध नाल्ट्रेक्सोन. त्याने नशा चढतच नाही, म्हणून वडिलांना ते सर्वात आवडतं. शरीरात अफूवर्गातलं काही उरलेलं असताना दिलं तर एकदम जोरदार टर्की लागते, म्हणून साधारण सात ते दहा दिवस पूर्ण बंद असल्याची खात्री लागते. स्वतःहून तयार असलेल्या माणसाला त्याचा उपयोग होतो. जबरदस्तीने दिलेली गोळी मात्र गालात धरून नंतर थुंकली जाते. आणि ते सोडल्यानंतर सराव शून्याजवळ असतो, म्हणजे धोका पुन्हा पहिल्या दिवसासारखाच.

सुटकेच्या दिवसाबद्दल थोडं तपशिलात सांगते. वेळ कधीच नक्की नसते. कागद येतात उशिरा, दवाखाने तोवर बंद झालेले. शुक्रवारी संध्याकाळी सुटलेल्या माणसाला सोमवारपर्यंत औषध नाही, अशी वेळ मी वारंवार पाहते. म्हणून दोन-तीन दिवसांचं औषध सोबत मिळेल का हे आधीच विचारून ठेवा आणि बाहेरच्या डॉक्टरांची पहिली वेळ सुटकेच्या दुसऱ्याच दिवशीची घ्या.

फाटकावर त्याला एक पिशवी परत मिळते. आत गेला त्या दिवशीचे कपडे, पट्टा, पाकीट, बंद पडलेला फोन. जीव अडकतो तो फोनमध्ये. घरी येऊन चार्जरला लावला की दीड वर्षांचे मेसेज धडाधड येतात, त्यात माल देणाऱ्याचा नंबर असतोच. फोन हिसकावून घेऊ नका, तो दुसऱ्याचा घेईल. त्याच्याशी आधी भेटीत बोलून ठरवा: नवं सिमकार्ड घ्यायचं आणि घरचे, डॉक्टर, वकील आणि दोन-तीन भरवशाची माणसं एवढेच नंबर त्याने स्वतः त्यात टाकायचे. त्याने ठरवलेलं टिकतं, तुम्ही लादलेलं टिकत नाही. न्यायला एकाच माणसाने जा, ज्याच्याशी त्याचं जमतं त्याने. सगळं कुटुंब गाडी भरून गेलं की परतीचा प्रवास आधी रडण्यात जातो आणि मग जाब विचारण्यात. वाटेत जुना अड्डा लागत असेल तर लांबचा रस्ता घ्या. सुटल्याच्या आनंदात कुणी मित्र बाटली घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवायचं काम तुमचं. ते भावावर टाकू नका.

घरी आल्यावरचे पहिले दिवस विचित्र असतात. एक मुलगा मला आठवतो. खोलीच्या उघड्या दारात तो नुसता उभा राहायचा. आईला वाटलं तंद्रीत आहे, काहीतरी घेतलंय. त्याने काही घेतलं नव्हतं. दार आपल्या हाताने ओलांडायचं आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, एवढं त्याच्या अंगात परत यायला वेळ लागत होता. अंधारात झोप न येणं, गर्दीचा आवाज सहन न होणं, जेवण दोन मिनिटांत संपवणं, साध्या निवडीवरही अडून बसणं, हे सगळं होतं. यातलं बरंचसं नशेचं लक्षण नाही. रोज डोळ्यांत डोळे घालून बाहुल्या तपासणारं घर असेल, तर तो घराबाहेरच जास्त राहील.

पैशाबद्दल आईवडिलांचं भांडण होणार, हे मी आत्ताच सांगते. माझं मत: एकदम मोठी रक्कम हातात नको, पण खिसा पूर्ण रिकामाही ठेवू नका. आत काम करून साठवलेले पैसे सुटताना एकरकमी मिळत असतील, तर ते कुठे ठेवायचे हे त्याच्याशी बोलून आधीच ठरवा. प्रवासाला, फोनला लागेल तेवढं रोज द्या, हिशेब मागू नका. दर वेळी आईपुढे हात पसरावा लागणारा मोठा माणूस लवकरच जुन्या ओळखीच्या माणसाकडे जातो, आणि तो बिनव्याजी देतो.

आता सर्वात अवघड बोलणं. 'परत घेतलंस तर घराबाहेर' असं बहुतेक घरांत सांगितलं जातं. त्याने घेणं थांबत नाही, सांगणं थांबतं. त्यापेक्षा हे सांगा: 'तू घेऊ नयेस असंच आम्हाला वाटतं. पण कधी घेतलंस, तर एकट्याने घेऊ नकोस, दार आतून लावू नकोस, पूर्वीएवढं घेऊ नकोस, दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर तर अजिबात नाही. आणि काही झालं तर आम्हाला उठव, तेव्हा ओरडणार नाही.' वडील म्हणतील, ही तर परवानगीच झाली. नाही. एकदा पाय घसरणं आणि मरण यांच्यामध्ये उभं राहण्यासाठी एवढं बोलावंच लागतं. संडासाची कडी अशी बसवून घ्या की बाहेरूनही उघडता येईल, आणि ती त्याला दाखवून बसवा.

ओव्हरडोस ओळखायला घरातल्या प्रत्येकाने शिकायला हवं. हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही जाग येत नाही. श्वास फार संथ, अडखळत, घशात घरघर. ओठ आणि नखं निळसर, राखाडी. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. अनेक घरांत या घरघरीला 'गाढ झोपलाय, घोरतोय' समजून माणसाला तसंच झोपू दिलं जातं आणि सकाळ उजाडते ती वाईट बातमी घेऊन. लगेच रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल किंवा अडखळत असेल तर तोंडाने श्वास द्या. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. थंड पाणी ओतणं, थोबाडीत मारणं, मिठाचं पाणी पाजणं, चालवत नेणं, यातलं काहीही करू नका.

नालोक्सोन नावाचं औषध अफूवर्गातल्या नशेचा परिणाम काही मिनिटांत उलटवतं. नाकात मारायच्या फवाऱ्याच्या किंवा इंजेक्शनच्या रूपात मिळतं. स्कॉटलंडने 2011 पासून देशभर ते घरच्यांना आणि तुरुंगातून सुटणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2014 मध्ये सांगितलं की ओव्हरडोस ज्यांच्या डोळ्यांसमोर होऊ शकतो अशा सामान्य लोकांच्या हातात हे हवं. डॉक्टरांकडे त्याची मागणी करा, वापरायला शिकून घ्या. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस द्यायचा. त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, आतली नशा त्याहून जास्त टिकू शकते, म्हणून जाग आली तरी दवाखान्यात न्यायचंच. जाग येताच तो चिडेल, शिव्या देईल, कारण एकदम टर्की लागलेली असते. ते मनावर घेऊ नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर नालोक्सोन चालत नाही, पण नक्की काय घेतलंय हे माहीत नसलं तरी ते द्यायला हरकत नाही.

दारूचा हिशोब वेगळा आहे. आत बंद होती, बाहेर येऊन दोन-तीन आठवडे रोज प्यायला लागला आणि मग घरच्यांनी एका दिवसात कोंडून बंद केली, तर झटके येऊ शकतात, बहुधा पहिल्या दोन दिवसांत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, थरथर, नसलेल्या गोष्टी दिसणं सुरू झालं तर ती आणीबाणी समजा. यात माणूस दगावतो. रोजची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. गंमत अशी की लोक दारूला गर्दापेक्षा निरुपद्रवी समजतात, आणि सोडताना जीव जाण्याचा धोका जास्त दारूत आहे.

वडिलांच्या केंद्राच्या कल्पनेवर माझं स्पष्ट मत आहे. तो स्वतः तयार असेल आणि केंद्र चांगलं असेल तर जरूर. पण तुरुंगाच्या फाटकातून उचलून दुसऱ्या कुलपाआड टाकणं म्हणजे धोक्याची तारीख फक्त पुढे ढकलणं. तिथून बाहेर पडेल तेव्हा सराव अजून कमी आणि राग अजून जास्त असेल. केंद्र निवडताना विचारा: मानसोपचारतज्ज्ञ नियमित येतात का, मेथॅडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवू देतात का, पहिल्या आठवड्यापासून भेटू देतात का, मारहाण होते का. शेवटचा प्रश्न तिथून बाहेर पडलेल्या माणसालाच विचारा, चालकाला नाही.

नार्कोटिक्स अनॉनिमस ही नशा सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना 1953 पासून आहे. आपल्याच वाटेने गेलेल्या माणसाचं बोलणं त्याला पटेल, आमचं पटणार नाही, म्हणून शेअरिंगला, म्हणजे जिथे प्रत्येक जण आपला अनुभव सांगतो त्या बैठकीला, पाठवा. मात्र एखाद्या गटात 'औषध घेतोस म्हणजे तू साफ नाहीस' असं कुणी म्हणालं, तर गट बदला, औषध बंद करू नका. आत राहून आलेला आणि आता स्थिर झालेला एखादा सोबती मिळाला तर उत्तमच.

जामीन किंवा सुटकेच्या अटी असतील तर त्या वकिलाकडून साध्या भाषेत लिहून घ्या. हजेरीची वेळ आणि औषध घेण्याची वेळ एकच येते आणि माणूस एक काहीतरी चुकवतो, असं फार वेळा होतं. लघवीच्या तपासणीची अट असेल तर चालू औषधाचं पत्र आधीच दाखल करा. नोकरीची घाई पहिल्या पंधरवड्यात करू नका. दिवस मोकळा मात्र ठेवू नका. दवाखाना, ओळखपत्रांची कामं, हजेरी, एवढ्यानेही आठवडा भरतो. आणि तो गप्प गप्प राहायला लागला, 'माझ्याशिवाय तुम्ही सुखी होता' असं काही बोलला, तर नशेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सुटकेनंतरच्या दिवसांत आत्महत्येचा धोकाही वाढलेला असतो.

तुम्ही शेवटी विचारलंय, किती दिवस असं सांभाळायचं. डोळ्यांत तेल घालून: पहिले दोन आठवडे, थोडं सैल सोडून पहिले तीन महिने. औषध मात्र महिन्यांच्या नाही, वर्षांच्या हिशोबाने चालतं आणि ते कमी करायचं तर डॉक्टर आणि तो मिळून ठरवतील. रात्रीची पाळी वाटून घ्या, सगळं आईवर पडू देऊ नका. या आठवड्यात दोनच कामं करा: तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला अर्ज, आणि बाहेरच्या डॉक्टरांची वेळ. पुढच्या भेटीत भावाला तीच तारीख सांगा.